लाईनवरचा गंटु

मी माझ्या आईला तिचं नाव विचारलं.

म्हैसूरमधल्या आमच्या कॉलेजची दुसऱ्या मजल्यावरची कॉम्प्युटर लॅब. सकाळचे अकरा. मेटगळ्ळीच्या गारमेंट फॅक्टरीने व्हॅनमधून चार बायका पाठवल्या होत्या. आम्ही विद्यार्थ्यांनी त्या फॅक्टरीसाठी एक सॉफ्टवेअर बनवलं होतं आणि ते त्या बायकांना वापरता येतं का हे तपासायचं होतं. लॅबच्या दारावर पाटी होती, चपला बाहेर काढाव्यात. चौघींनी काढल्या. त्यांच्यामागून फॅक्टरीचे मॅनेजर आणि सॉफ्टवेअर कंपनीचे मेंटॉर आले. ते बुटांसकट आत आले. पाटी त्यांनाही दिसली असणार.

आमच्या टीमचा लीडर तेजस सॅनिटायझरची बाटली घेऊन उभा होता. 'आंटी, हात,' तो प्रत्येकीला म्हणत होता. साथबिथ काही नव्हती तेव्हा. 'यांच्या बोटांना मशीनचं तेल असतं सर,' तो मेंटॉरना इंग्रजीत म्हणाला, 'आणि टॅब नवे आहेत.' मेंटॉर म्हणाले, 'गुड.'

माझ्या गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र, हातात फॉर्म. एकेकीला खुर्चीवर बसवायचं, फॉर्मवरचे प्रश्न विचारायचे, ती कुठे अडखळते ते लिहायचं, हे माझं काम. पहिला रकाना नावाचा. तिसरी बाई आई.

अंगात फॅक्टरीचा निळा एप्रन. गळ्यात दोरीला अडकवलेली धागा कापायची छोटी कात्री. फॅक्टरीत तिला सकाळी एवढंच सांगितलं होतं की व्हॅनमध्ये बस. कुठे जायचंय, कशाला, काही नाही. ती समोर बसली तेव्हा तिने मला पाहिलं. मी तिला त्याआधीच पाहिलं होतं, खिडकीतून, व्हॅनमधून उतरताना. म्हणजे माझ्याकडे दोन मजल्यांचे जिने चढण्याइतका वेळ होता. अचानक झालं म्हणून तोंड उघडलं नाही, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला समजावलं. साफ खोटं. मी ठरवून गप्प बसले.

'निम्म हेसरु?' मी कन्नडमध्ये विचारलं. तुमचं नाव?

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मागे उभ्या असलेल्या साहेबांकडे.

'सुशीला, मेडम,' ती म्हणाली.

मी लिहिलं. सुशीला. अक्षर छान आलं. हात जरासुद्धा कापला नाही, याची मला आजही शरम वाटते.

तिने टॅबवर बोट ठेवलं, उचललं. तेजसने पुढे येऊन टिश्यूने काच पुसली. तिने पुन्हा बोट ठेवलं. त्याने पुन्हा पुसली. आई हसली. फॅक्टरीत साहेब लोकांसमोर हसायचं ते हसू मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. घरी ती असं हसत नाही.

हे कसं झालं ते सांगते.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी आम्हाला सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग नावाचा विषय होता. नुसतं पुस्तक वाचून चालणार नाही, खऱ्या उद्योगासाठी खरं काम करायचं, असा कॉलेजचा मोठेपणा. बाहेरच्या कंपन्या प्रकल्प द्यायच्या, आम्ही विद्यार्थी चार-चारच्या टीममध्ये ते फुकटात करायचो, आणि त्याला उद्योगाशी भागीदारी म्हणायचे.

विषय शिकवणाऱ्या मॅडम मराठी. आमच्यासारख्याच, कधीकाळी म्हैसूरला आलेल्यांपैकी. फरक एवढाच की त्यांचे पूर्वज कागद लिहायला आले, आमचे कपडे शिवायला. पहिल्याच तासाला हजेरी घेताना त्यांनी माझं आडनाव वाचलं आणि चेहरा फुलला. 'अय्या, मराठी का गं?' मी हो म्हटलं. त्यांनी आडनाव पुन्हा वाचलं, जरा हळू. 'अच्छा. म्हणजे शिंपी ना तुम्ही?'

भर वर्गात. मी हो म्हटलं.

प्रकल्पांची यादी होती. हॉस्पिटल, बँक, बसचं वेळापत्रक, गारमेंट फॅक्टरी. मी पहिली पसंती हॉस्पिटलला दिली होती. मॅडमनी मला फॅक्टरी दिली. मी विचारायला गेले तर म्हणाल्या, 'तुझ्या रक्तातच आहे गं ते. तुझा फायदाच बघितला मी.' मागे उभी असलेली मुलं हसली. मॅडमना वाटलं, विनोद आवडला.

तेजसने मात्र फॅक्टरी स्वतः मागून घेतली होती. बोगादीला बंगला, वडील सॉफ्टवेअरमध्ये वरच्या पदावर, त्याला आतली बातमी होती. फॅक्टरीचं काम ज्या कंपनीकडे होतं ती कंपनी आमच्या टीममधून एकाला नोकरी देणार होती. टीममधले उरलेले दोघे तेजस हो म्हणेल त्याला हो म्हणणारे.

मेटगळ्ळीच्या त्याच फॅक्टरीत माझी आई नऊ वर्षं कॉलर शिवत होती. हे मी कोणालाही सांगितलं नाही. कॉलेजच्या फॉर्मवर पालकांच्या व्यवसायापुढे मी 'टेलरिंग' लिहिलं होतं. वाटू दे त्यांना की आपलं दुकान आहे. होतंही एकेकाळी. रेडीमेड कपडे आले आणि बाबांचं दुकान बसलं. बाबा दुसऱ्याच्या दुकानात पँटी लांड्या करायला लागले आणि आई फॅक्टरीत गेली. तिचं एकच म्हणणं असायचं. 'तुला केलस लागलं की मी लाईन सोडणार, पुट्टी. माझं सोंट गेलं बघ.' पुट्टी म्हणजे मी. केलस म्हणजे नोकरी, सोंट म्हणजे कंबर. आमच्या घरची मराठी अशीच आहे, अर्धी कन्नड. मॅडमना ती ऐकून हसू यायचं.

तर ती नोकरी मला हवी होती. तेजसला हवी होती त्याच्यापेक्षा जास्त. त्याला बायोडेटासाठी हवी होती, मला आईच्या कंबरेसाठी.

कामाची सुरुवात असते वापरणाऱ्यांना विचारण्यापासून. त्यांना काय अडचण आहे, काय हवं आहे. आम्ही फॅक्टरीत गेलो. आम्हाला पाहुण्यांच्या टोप्या दिल्या. रांगेने मशिनी, त्याला लाईन म्हणतात. एक बाई कॉलर शिवते, पुढची तो शर्टाला जोडते, पुढची बाही, असं. दर तासाला किती पीस झाले ते फळ्यावर लिहितात. आई तिच्या मशीनवर होती. तिने मान वर केली नाही. मीही त्या रांगेवरून पुढे गेले. हे आमचं आदल्या दिवशी ठरलं होतं, दोघींच्या संमतीने. लॅबमधल्या दिवसाबद्दल मी तसं म्हणू शकत नाही.

तेजसने पाच बायकांना विचारलं, 'काय त्रास आहे?' सुपरवायझर मागे उभा. पाचहीजणी म्हणाल्या, 'काही नाही सर. सगळं चांगलं आहे.' आम्ही ते लिहून आणलं. मॅडमनी कागद परत फेकला. 'हे काय? यात एक तरी खरी गोष्ट आहे का?' तेजस म्हणाला, 'मॅम, त्या लोकांना बोलताच येत नाही.'

मला राग आला. आणि त्या रागात मी घरी जाऊन आईला विचारलं.

ती मेथी निवडत होती. मी म्हटलं, 'आई, लाईनवर खरं कसं चालतं ते सांग ना. कॉलेजला पाहिजे.' ती म्हणाली, 'अय्यो, त्यात काय सांगायचं गे.' मग रंगात आली. एवढी की मेथी तशीच राहिली.

सकाळी हात हलके असतात. तेव्हा प्रत्येकजण भराभर चार-सहा कॉलर जास्त शिवते. पण ते पुढे पाठवत नाही. मशीनखाली पायाशी डबा असतो, त्यात दडवते. त्याला त्या गंटु म्हणतात. कन्नडमध्ये गाठोडं, ठेव. दुपारी तीननंतर अंग जड होतं, कंबर धरते, कोणाची पाळी असते, कोणाला बाथरूमला जायचं असतं. मग गंटुतले पीस काढायचे आणि पुढे सारायचे. तासाचा आकडा भरतो, सुपरवायझर ओरडत नाही.

'आणि सांगू?' आई म्हणाली. 'नुस्तं आपल्यालाच नाही. मंगळम्मा येते ना, टी. नरसीपूरच्या पलीकडनं, पहाटे चारला उठून बशीनं. मध्यान्ना तिचे डोळे मिटतात बघ. तिच्या बाजूचं मशीन माझं. माझ्या गंटुतले पीस मी तिच्या पेटीत टाकते. तिला कळतबी नाही. म्हंजे कळतं, पण ती काय बोलत नाही. मी आजारी होते तवा तिनंच माझं चालवलं. कोण मोजत नाही, कोण परत मागत नाही. नऊ वर्सं झाली, सुपरवायझरला गोत्तिल्ल.'

त्याला माहीत नाही. हे सांगताना तिचा चेहरा मी बघितला होता. पोरीने पहिला नंबर आणल्यासारखा.

मलाही फार आनंद झाला. कशाचा? मॅडमना द्यायला एक खरी गोष्ट मिळाली याचा. कबूल करते.

मी ते लिहिलं. कोणाचं नाव घातलं नाही, पण बाकी सगळं लिहिलं. डबा कुठे असतो, सकाळी किती, दुपारी कधी. शेवटी माझी सूचना लिहिली: तासाचा आकडा बघू नका, दिवसाचा बघा, म्हणजे या बायकांना लपवाछपवी करावी लागणार नाही. मला खरंच वाटलं की मी त्यांच्या बाजूने लिहितेय. मॅडमनी दहापैकी दहा दिले. वर्गात वाचून दाखवलं. पहिल्यांदाच मला कोणी शिंप्याची म्हणून नाही, हुशार म्हणून बघितलं. मी हुरळून गेले.

मेंटॉरनी तो कागद वाचला आणि टेबलावर थाप मारली. 'हा तर सोन्याचा शोध आहे! म्हणजे या बायका आत्ता करतात त्यापेक्षा जास्त करू शकतात. लपवतात.'

माझी सूचना त्यांनी एका रेघेने खोडली. वर लिहिलं: दडवलेले पीस शोधणे. प्रत्येक बंडलाला चिठ्ठी, प्रत्येक बाईने बंडल घेताना आणि देताना टॅबवर नोंदवायचं. आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या पिसांचा मेळ बसला नाही की पडदा लाल. आणि सकाळच्या वेगावर दिवसभराचं नवं टार्गेट.

हे बांधायचं कोणी? टीममध्ये ज्याला नीट कोड लिहिता येत होता त्याने. म्हणजे मी.

मी बांधलं. कोणी डोक्याला बंदूक लावली नव्हती. मेंटॉर म्हणाले होते, 'हे जमवलंस तर नोकरीचं नक्की समज.' मी मनात हिशोब जुळवला की नोकरी लागली की आई लाईन सोडणारच आहे, मग गंटु राहिला काय, गेला काय. मंगळम्मा त्या हिशोबात नव्हती. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. मी आठवडाभर त्या दांड्याला पॉलिश करत होते.

आता पुन्हा लॅबमध्ये.

चौघींची बोटं टॅबवर चालायला लागल्यावर मेंटॉर म्हणाले, आता खरा भाग दाखवू. फॅक्टरीतून कॉलरची बंडलं आणली होती. बायकांना सांगितलं, रोज करता तसं करा. आईने बंडल नोंदवलं. सवयीने, अगदी सवयीने, तिने पाच-सहा कॉलर बाजूला पायाशी ठेवले आणि उरलेले पुढे दिले. दुसऱ्याच क्षणी पडदा लाल झाला. वर मोठा आकडा. बीप.

मॅनेजर मांडीवर थाप मारून हसले. 'सिक्कबिट्टळु!' सापडली! तेजसने टाळी दिली. मेंटॉर बायकांकडे वळून लहान मुलांना समजावतात तसे कन्नडमध्ये म्हणाले, 'बघितलं? तुम्ही पीस लपवता हे आता मशीनला कळतं. आता लपवायची गरज नाही. प्रामाणिकपणे काम करा.'

प्रामाणिकपणे. आम्हा चौघा विद्यार्थ्यांकडून फुकट काम करून घेणारा माणूस हे म्हणाला, नऊ वर्षं एकमेकींना सावरणाऱ्या बायकांना.

चौघींमध्ये मंगळम्माही होती. तिने एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. कोणी सांगितलं? शब्द उच्चारला नाही, पण तोच प्रश्न होता. आईने कोणाकडे पाहिलं नाही. तिने माझ्या हातातल्या फॉर्मकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला सगळं कळलं होतं.

'त्यांना खाली सोडून ये,' तेजस मला म्हणाला. 'तुला त्यांच्याशी बोलायला जमतं.'

मी त्यांच्याबरोबर जिना उतरले. आई पुढे, चपला हातातच. मंगळम्मा तिच्या शेजारी. मधल्या वळणावर मंगळम्माने मागे वळून मला नीट बघितलं आणि आईला विचारलं, 'ही पोर कोण गं? अगदी तुझ्यासारखी दिसते.'

आईने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

'यारो,' ती म्हणाली. 'गोत्तिल्ल.'

कोणीतरी असेल. माहीत नाही.

अर्ध्या तासापूर्वी तिने मला मेडम म्हटलं ते माझ्यासाठी होतं, माझी लाज राहावी म्हणून. हे तसं नव्हतं. मी तिची मुलगी आहे हे कळलं असतं तर त्या लाईनवर तिला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. माझ्या आईला माझी लाज वाटत होती, आणि तिचं बरोबर होतं. व्हॅन गेली. मी वर गेले नाही. जिन्याच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडले. वरून तेजसने दोनदा हाक मारली.

संध्याकाळी आई घरी आली, हातपाय धुतले, भात लावला. मी तिच्या मागे उभी होते. ती गॅस बंद करून म्हणाली, 'पुट्टी, मी तुला सांगितलं होतं. त्यांना नव्हतं सांगितलं.'

मी काहीबाही बोलायला लागले. तिने हात वर केला. 'बेडा. मला नको सांगू. मंगळम्माला सांग.'

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटायच्या वेळी मी फॅक्टरीच्या गेटसमोर उभी राहिले. आई आली, आणि मला बघून थांबली. तिने मंगळम्माचा दंड धरून तिला माझ्यासमोर आणलं. 'ही माझी पोर,' म्हणाली. आणि बाजूला झाली. माझ्या वतीने एक शब्द बोलली नाही.

मी सगळं सांगितलं. मंगळम्मा ऐकत होती. तिची बस लागली होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, ती हलली नाही. बाकीच्या बायका गोळा झाल्या. एकजण म्हणाली, 'शिकवलं त्याचे हे पांग फेडले.' दुसरी जमिनीवर थुंकली.

मंगळम्मा म्हणाली, 'आता काय करणार?'

'परवा शेवटचं सादरीकरण आहे. मी करणार नाही.'

'तू नाही केलंस तर?'

'दुसरा कोणीतरी करेल, अक्का. कोड त्यांच्याकडे आहे.'

'मग आम्हाला काय उपयोग त्याचा?' ती म्हणाली. खरंच होतं. तिने माझ्या वहीकडे बोट दाखवलं. 'त्या मशीनला काय दिसतं आणि काय दिसत नाही, तेवढं सांग. रडत नको बसू.'

मी तिथेच, फॅक्टरीच्या भिंतीला वही टेकवून, चित्र काढून सांगितलं. चिठ्ठी कुठे वाचली जाते. टार्गेट कशावरून काढतात. सकाळच्या पहिल्या दोन तासांच्या वेगावरून, हे कळल्यावर मंगळम्मा जरा थांबली. मग बाकीच्यांकडे बघून म्हणाली, 'म्हणजे सकाळी कोणी पळायचंच नाही. सगळ्यांनी दिवसभर एकाच चालीनं शिवायचं. ती शेवटची मुनिया चालते तिच्या चालीनं.' मुनिया ही त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी. कोणीतरी हसलं. मंगळम्मा हसली नाही, बसकडे गेली.

घरी येताना मी आईला विचारलं, 'परवा मी तिथे काय बोलू?' आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. ती म्हणाली, 'माझं नाव घेऊ नको. बाकी जे खरं ते बोल.' थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, 'नोकरी जाईल गे.' मी म्हटलं, 'हो.' 'जाऊ दे' असं ती म्हणाली नाही. तिची चाल त्या दिवशी फार हळू होती.

सादरीकरणाला मॅडम, मेंटॉर, मॅनेजर, सगळे होते. तेजसने सुटाबुटात सुरुवात केली. लाल पडद्याचा भाग आला आणि त्याने माझ्याकडे हात केला. मी उभी राहिले. मला भीती वाटत होती. बोलले ते असं:

'हा भाग मी बांधला. यातली माहिती मी एका कामगार बाईकडून घेतली, ती माहिती कुठे जाणार हे तिला न सांगता. त्या दिवशी आलेल्या चौघींपैकी एक माझी आई आहे. कोणती, ते सांगणार नाही. हा भाग मी सादर करणार नाही.'

ते सगळे माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागले. तेजस, मेंटॉर, मॅनेजर. चौघींतली कोणती ते आठवत होते. आठवत नव्हतं. मॅनेजर म्हणाले, 'ती पिवळ्या साडीवाली का?' पिवळी साडी कोणीच नेसली नव्हती. चौघी निळ्या एप्रनमध्ये होत्या. तासभर त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभे राहून या माणसांनी चौघींपैकी एकीचाही चेहरा पाहिला नव्हता. मला तेव्हा इतका संताप आला की भीती पळाली.

मेंटॉर म्हणाले, 'करारावर तुझी सही आहे. कोड कंपनीचा आहे.'

'ठेवा कोड,' मी म्हटलं.

मॅडम उठून माझ्याजवळ आल्या आणि बाकीच्यांना कळू नये म्हणून मराठीत बोलल्या. 'भावनेच्या भरात येऊ नकोस. एवढी संधी मिळाली तुला. तुमच्या लोकांचं हेच होतं बघ, वर आणायला जावं तर पाय मागे ओढता.'

मी मोठ्याने कन्नडमध्ये उत्तर दिलं, सगळ्यांना कळावं म्हणून. 'मॅडम, तुम्ही मला वर आणलं नाही. माझं आडनाव विचारून मला शिवणकामाला बसवलं.'

बाहेर आले. माझा भाग तेजसने सादर केला, मी कोडमध्ये लिहून ठेवलेल्या टिपा वाचून. नोकरी त्याला मिळाली. दोन महिन्यांत लाईनवर टॅब बसले. मला त्या विषयात नापास केलं. पुन्हा परीक्षेला बसायचं तर कंपनीला माफीचं पत्र द्यावं लागेल, असं मॅडमनी कळवलं. 'दोन ओळी लिही, प्रकरण मिटेल.' मी लिहिल्या नाहीत. एक वर्ष गेलं. बाबा महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. पुढच्या वर्षी विषय दुसऱ्या सरांकडे गेला आणि मी बसस्टँडच्या प्रकल्पावर पास झाले.

गंटु गेला. त्या बायका सकाळपासून एकाच चालीने शिवतात, टार्गेट वाढवता आलेलं नाही, मॅनेजर रोज शिव्या घालतो. पण दुपारी तीनला आता कोणाच्या पायाशी काही शिल्लक नसतं. आईने कंबरेला पट्टा बांधलाय. ती अजून लाईनवरच आहे. फॅक्टरीतलं ती आता मला काही सांगत नाही. जेवताना बाजाराचं बोलते, शेजारणीचं बोलते. मीही विचारत नाही. तो हक्क मी घालवला आहे आणि तो परत मिळणार नाही, हे मला माहीत आहे.

मी आजही सॉफ्टवेअरच लिहिते. दुसरं काही येत नाही मला. नवं काम हातात आलं की पहिल्या बैठकीत मी एकच विचारते. ज्यांच्या कामाबद्दल हा कागद लिहिलाय त्यांना तो वाचून दाखवला का? त्यांच्या भाषेत, त्यांचा साहेब मागे उभा नसताना? लोक हसतात. एका कंपनीने याच प्रश्नावरून मला काढून टाकलं. दुसरीनेही काढलं तर तिसरीकडे जाईन आणि तिथेही विचारीन. उत्तर 'नाही' असेल तर त्या कामाची एक ओळसुद्धा मी लिहिणार नाही.